पावसाळ्यातली पहाट आणि यवतेश्वरचा घाट: सातारा हिल हाफ मॅरेथॉनची पहिली तयारी

सातारा हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटात चढून परत येणारी २१.१ किलोमीटरची शर्यत, सप्टेंबरच्या सुरुवातीला असते. म्हणजे तिची सगळी तयारी जून ते ऑगस्ट, ऐन पावसात करावी लागते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पळणाऱ्यांना दिवाळीनंतरच्या कोरड्या, गार पहाटा मिळतात. साताऱ्याची नोंदणी केलेल्यांच्या वाट्याला येते ती रिपरिप, धुकं आणि कालचे अजून न सुकलेले बूट. दर वर्षी बरेच नवे लोक हौसेने सुरुवात करतात आणि जुलैच्या मध्यावर थांबतात. कोणाला सर्दी-ताप येतो, कोणाच्या पायाला चिखल्या होतात, कोणी घसरून पडतं. यातलं बहुतेक टाळता येतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. पळताना अंगावर पाऊस पडल्याने सहसा काही बिघडत नाही, कारण तेव्हा शरीर भरपूर उष्णता तयार करत असतं. त्रास होतो तो तीन कारणांनी: थांबल्यावर ओल्या कपड्यांत राहिल्यामुळे, पाय आणि बूट कोरडे न केल्यामुळे आणि निसरड्या उतारावर वेग न आवरल्यामुळे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तिघांभोवती फिरतात.

तुम्ही आज न थांबता सहा-सात किलोमीटर सावकाश पळू शकत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तेवढं जमत नसेल तर यंदा १० किलोमीटरची एखादी सपाट शर्यत करा आणि हाफ पुढच्या वर्षी. २१.१ किलोमीटर आणि त्यात घाट, हे अंतर घाईघाईत अंगावर घेण्यासारखं नाही.

१. आधी डॉक्टर, मग नोंदणी

वय चाळीसच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा चढ चढताना छातीत दडपण येत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरुवात करू नका. ईसीजी पुरेसा आहे की टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) करायला हवी, हे त्यांना ठरवू द्या. "मी रोज चालतो, मला काही होत नाही" हे उत्तर घाटाला चालत नाही.

नोंदणी करताना आणि बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घेताना साधारण हे लागतं:

- फोटो असलेलं मूळ ओळखपत्र (आधार, पॅन किंवा वाहन परवाना). नोंदणीत नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा.
- नोंदणी झाल्याचा ईमेल किंवा मेसेज. त्याची छापील प्रत जवळ ठेवलेली बरी.
- रक्तगट, आणि तातडीच्या वेळी फोन करायचा क्रमांक. हा क्रमांक सोबत पळणाऱ्या मित्राचा देऊ नका. घरी असलेल्या, फोन उचलणाऱ्या माणसाचा द्या.
- आयोजकांनी मागितलं असेल तर आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र.

या वर्षीच्या अटी आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचा. ग्रुपवर फिरत आलेल्या मेसेजवर विसंबू नका आणि दुसऱ्याच्या नावाचा बिब घेऊन कधीही पळू नका. रस्त्यात काही झालं तर डॉक्टरांच्या हातात भलत्याच माणसाचा रक्तगट आणि भलत्याच घरचा फोन असतो.

२. सामान: थोडं, पण योग्य

बुटांच्या दोन जोड्या. खर्च वाढतो हे मला कळतं, पण पैसे वाचवायचे असतील तर घड्याळावर वाचवा, इथे नको. साताऱ्यात श्रावणातली झड लागली की बूट एका दिवसात सुकत नाहीत. दोन्ही जोड्या नव्या असायची गरज नाही, फक्त तळ झिजलेला नको. टाचेखालची नक्षी हाताला गुळगुळीत लागत असेल तर त्या बुटांनी ओल्या उतारावर पळू नका. डांबरी रस्त्यासाठी डोंगरवाटेचे खास बूट लागत नाहीत.

मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, त्याला घड्या पडतात आणि तासाभरात फोड येतो. तेच टी-शर्टचं: सुती नको, पॉलिस्टरचा अंगाबरोबरचा हवा. ढगळ टी-शर्ट भिजला की लोंबतो आणि काखेत, छातीवर घासतो. मांड्यांच्या आत, काखेत, महिलांनी स्पोर्ट्स ब्राच्या पट्ट्यांखाली आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर व्हॅसलिन लावून निघावं. कोरड्या दिवसांत न घासणारे कपडेसुद्धा पावसात घासतात.

पुढे झडप असलेली टोपी घ्या, पाणी डोळ्यांत जात नाही. चष्मा असणाऱ्यांना तर तिच्याशिवाय पर्याय नाही. रेनकोट मात्र घालू नका. दहा मिनिटांत आतून घामाने भिजता आणि बाहेरच्या पावसापेक्षा जास्त ओले होता. वारा फार असेल तर पातळ विंडचीटर चालतो, तोही कमरेला बांधता येईल असा.

यांशिवाय: उजेड परावर्तित करणारं जाकीट किंवा पट्टे, पाठीमागे लावायचा लुकलुकणारा लाल दिवा, डोक्याला बांधायची बॅटरी, आणि फोनसाठी झिप असलेली प्लॅस्टिकची पिशवी. ओल्या बोटांनी फोनचा पडदा नीट चालत नाही, म्हणून आणीबाणीचा कॉल बटणाने कसा लावायचा ते घरीच करून बघा. ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन क्रमांक पाठ हवेत. पिशवीत शंभरची एक नोट ठेवा.

आणि कोरड्या कपड्यांची पिशवी. तिच्याबद्दल आठव्या पायरीत.

३. आदल्या रात्री ठरवा, पहाटे वाद घालू नका

पहाटे पावणेपाचला गजर वाजतो तेव्हा बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत असतो. त्या क्षणी घेतलेला निर्णय बहुतेक वेळा अंथरुणाच्या बाजूनेच लागतो. म्हणून निर्णय रात्रीच घ्यायचा आणि त्याचे नियम ठरलेले असावेत.

हवामान खात्याचा अंदाज रात्री बघा. सातारा जिल्ह्यासाठी बऱ्याचदा घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो; आपल्याला तोच बघायचा आहे. २४ तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे खात्याच्या भाषेत अतिमुसळधार, आणि २०४.४ च्या वर तर त्याहून वरची पायरी. घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर यवतेश्वरच्या घाटात पाय ठेवायचा नाही. तिथे पावसाळ्यात दरडी येतात, आणि दरड कोसळायला त्याच क्षणी पाऊस पडत असावा लागत नाही; दोन दिवस मुरलेलं पाणी पुरेसं होतं. म्हणून मोठ्या पावसानंतर उघडीप मिळाली तरी एक दिवस थांबा.

साधा पाऊस असेल तर जायचं. मुसळधार असेल पण इशारा नसेल तर शहरातच, ओळखीच्या छोट्या फेरीवर. वीज कडाडत असेल तर अजिबात नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा: ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे. पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. जुलै-ऑगस्टच्या रिपरिपीत विजा कमी असतात. जूनच्या सुरुवातीचा वळीव आणि सप्टेंबरनंतरचा परतीचा पाऊस यांत जास्त. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या.

कपडे, मोजे, बॅटरी, घराची किल्ली हे सगळं रात्रीच एका खुर्चीवर काढून ठेवा. घरच्यांना रस्ता आणि परत यायची वेळ सांगा. "येतो पळून" एवढं पुरत नाही.

४. रस्ता कुठला?

सुरुवातीचे तीन-चार आठवडे घाट नको. शाहू स्टेडियम, किंवा तुमच्या भागातला दिवे असलेला, कमी वर्दळीचा रस्ता निवडा. छोट्या फेऱ्यांचा फायदा असा की पाऊस अंगावर आला, पोटरी धरली किंवा पोट बिघडलं तर घर एक-दीड किलोमीटरवर असतं. फेऱ्या कंटाळवाण्या असतात हे खरं. पण पावसात घरापासून आठ किलोमीटर लांब अडकणं त्याहून वाईट.

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात सूर्य साधारण सहा ते सव्वासहाच्या दरम्यान उगवतो आणि त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी फटफटतं. ढग दाटून आले असतील तर तेवढाही उजेड मिळत नाही. त्यामुळे अंधारातला भाग दिवे असलेल्या रस्त्यावर आणि घाटाचा भाग उजाडल्यावर, असा क्रम ठेवा. घाटात एकट्याने जाऊ नका.

येणारी गाडी समोरून दिसेल अशा पद्धतीने, रस्त्याच्या उजव्या कडेने पळा. घाटात मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका. उजवीकडे वळणारं आंधळं वळण असेल तर वरून येणाऱ्या चालकाला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. वळणाच्या बऱ्याच आधी, दोन्हीकडे बघून, बाहेरच्या बाजूला जा आणि वळण संपल्यावर परत या. धुक्यात तर हे पाळायलाच हवं. कानात इअरफोन नकोत. धुक्यात गाडी आधी ऐकू येते, नंतर दिसते. आणि रविवारी सात-साडेसातच्या आत घाट उतरून खाली या. त्यानंतर कास, बामणोली, एकीवच्या धबधब्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते, आणि त्यातल्या अनेकांना हा रस्ता नवा असतो.

खाली बघायच्या गोष्टी: रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे, लोखंडी जाळ्या, गटाराची झाकणं, कडेचं हिरवं शेवाळ, झाडाखाली पडलेला ओला पाला. यांवर पाय पडलाच तर वळू नका आणि ब्रेक लावू नका, सरळ पाऊल टाकून पुढे जा. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असं गृहीत धरा. विजेचे खांब, डीपी आणि लोंबणाऱ्या तारा यांपासून चार हात लांब राहा. दम खायला खांबाला हात टेकायची सवय असेल तर ती याच महिन्यात सोडा.

कुत्र्यांचं सांगायचं तर पळू नका, थांबा, तोंड त्यांच्याकडे ठेवून सावकाश चालत पुढे व्हा. चावलं तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. घरगुती उपाय नकोत.

पुण्यातून तयारी करणाऱ्यांना सिंहगडाचा रस्ता आहे, कोल्हापूरकरांना जोतिबा-पन्हाळा. मुंबईत चढ शोधावा लागतो. केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडचा चढ किंवा एखाद्या लांब उड्डाणपुलाच्या फेऱ्या, यावर भागवता येतं.

५. निघण्याआधीची दहा मिनिटं

गार हवेत पोटऱ्या आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. घरातच, कोरड्यात, अंग गरम करा: जागेवर चालणं, गुडघे वर घेणं, पाय पुढे-मागे झुलवणं, घोटे फिरवणं, दहा-पंधरा उठाबशा. वाकून स्नायू ताणत धरून ठेवायचा व्यायाम आता नको, तो पळून आल्यावर. बाहेर पडताना थोडं गार वाटायला हवं. दारातच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झालेत.

पहिला किलोमीटर मुद्दाम हळू. पाऊस आहे म्हणून लवकर आटपायच्या नादात लोक जोरात निघतात, आणि पोटरी तिथेच धरते.

६. बारा आठवड्यांचं गणित

मृग लागला की सुरुवात करायची आणि मघा संपता संपता तयारी पूर्ण व्हायची, असं माझ्या डोक्यात असतं. शेतकरी पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. या दोन नक्षत्रांत, म्हणजे साधारण ६ जुलै ते २ ऑगस्ट, साताऱ्यात सर्वांत जास्त दिवस बुडतात. आराखडा करतानाच हे धरून चला. आठवड्यात चार दिवस पळणं ठरवा आणि तीन झाले तरी आठवडा चांगला गेला असं समजा.

चार दिवस असे: दोन दिवस सावकाश ४० ते ५० मिनिटं, एक दिवस चढाचा सराव (पाचव्या आठवड्यापासून), आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव. लाँग रनचं अंतर असं वाढवता येईल:

- पहिले चार आठवडे: ८, १०, १२ आणि मग कमी करून ९ किलोमीटर
- पुढचे चार: १३, १४, १६ आणि पुन्हा कमी करून १२
- नववा आणि दहावा: १८, १९
- अकरावा: १३
- बारावा: शर्यत

दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी केलं आहे ते चुकून नाही. स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायूबंध, सांधे आणि हाडं हळू तयार होतात. तो हलका आठवडा "मला आता बरं वाटतंय" म्हणून गाळू नका.

बुडालेला दिवस भरून काढायचा नाही. मंगळवारचं आणि गुरुवारचं मिळून शनिवारी पळायचं आणि रविवारी लाँग रन, हा दुखापतीचा सर्वांत सोपा रस्ता आहे. पावसाने दिवस गेला तर घरात जिना चढा-उतरा, उठाबशा काढा, एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करा, प्लँक करा. अर्धा तास पुरे. घाटासाठी जिना उतरणंही तितकंच उपयोगी आहे, लिफ्टने खाली येऊ नका.

वेगाबद्दल: घड्याळाकडे बघू नका. ओल्या बुटांनी, धुक्यात, खड्डे चुकवत पळताना कोरड्या दिवसाचा पेस येणार नाही आणि यायची गरजही नाही. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय का, एवढंच तपासा. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. चार दिवसांपैकी फक्त चढाच्या दिवशी दम लागला पाहिजे.

७. घाट चढणं आणि त्याहून महत्त्वाचं, उतरणं

शर्यत पोलीस परेड ग्राउंडवरून निघते, शहरातून समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरच्या घाटाला लागते, कास रस्त्यावर वर जाऊन वळते आणि त्याच रस्त्याने खाली येते. म्हणजे पहिला अर्धा भाग बहुतेक चढ आणि दुसरा बहुतेक उतार. नवे लोक चढाला घाबरतात. मला काळजी वाटते ती उताराची.

चढताना पावलं लहान ठेवा, नजर दहा-पंधरा फुटांवर, खांदे सैल. कमरेतून वाकू नका, पूर्ण शरीर घोट्यातून किंचित पुढे झुकू द्या. चालावं लागलं तर चाला. लाज वाटायचं कारण नाही. ठरवून दोन मिनिटं चालणारा माणूस पुढे सहज पळत राहतो, आणि हट्टाने चढ पळून काढणारा वर पोचेपर्यंत संपलेला असतो.

चढाचा सराव पाचव्या आठवड्यापासून. दोन-तीन मिनिटांचा चढ निवडा, चार वेळा दमाने चढा, चालत उतरा. हळूहळू सहा-सात फेऱ्यांवर या. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून दोन आठवड्यांतून एक लाँग रन प्रत्यक्ष यवतेश्वरच्या घाटात करा, हवामान परवानगी देईल तेव्हाच.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू दर पावलाला ताणत ताणत वजन पेलतो. याची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, आणि शर्यतीत पंधराव्या किलोमीटरला गुडघे थरथरायला लागतात. ओल्या रस्त्यावर त्यात घसरण्याची भर. म्हणून: लांब ढांगा टाकून टाचेवर आपटू नका. पावलं लहान आणि भराभर, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला. मागे झुकून ब्रेक लावू नका, तसं केलं की टाच सटकते. हात थोडे बाहेर, तोल सांभाळायला. उतारावरचा सराव सुरुवातीला दहा मिनिटांचाच करा आणि हळूहळू वाढवा. शर्यतीआधी दोन-तीन वेळा पूर्ण घाट सावकाश उतरून झालेला हवा. एवढं केलंत तर शर्यतीचा दुसरा अर्धा भाग तुमचा आहे.

८. थांबल्यानंतरचा अर्धा तास

या एका पायरीकडे दुर्लक्ष झालं तर बाकीच्या सगळ्या फुकट जातात.

साताऱ्यातली पावसाळी पहाट थर्मामीटरवर फार थंड नसते, पारा २० अंशांच्या आसपास असतो. पण वर यवतेश्वरला वारा असतो आणि अंग भिजलेलं असतं. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. पळत असता तोवर शरीर ती भरून काढतं. थांबलात की भरून काढणं बंद आणि वाहून जाणं चालूच. त्यात आपली पद्धत अशी: पळून झालं की टपरीवर चहा, फोटो, गप्पा आणि मग ओल्या टी-शर्टवर मोटरसायकलने घरी. चाळीसच्या वेगाने गाडीवर बसून ओल्या छातीवर वारा घेणं, सर्वांत जास्त थंडी भरते ती इथे.

त्यामुळे क्रम ठरवून घ्या. थांबल्यापासून पाच मिनिटांत ओला टी-शर्ट काढा, अंग आणि डोकं पुसा, कोरडा टी-शर्ट आणि वर विंडचीटर घाला. मोजे बदला. मग चहा, मग गप्पा. पिशवीत असू द्या: पंचा किंवा छोटा टॉवेल, कोरडा टी-शर्ट, मोजे, चप्पल, आणि ओले कपडे टाकायला प्लॅस्टिकची पिशवी. गाडीच्या डिकीत ठेवा, किंवा जिथे पळणं संपवणार तिथल्या ओळखीच्या दुकानात. महिलांना कपडे बदलायला जागा मिळत नाही ही खरी अडचण आहे. ग्रुपमध्ये एक चारचाकी असेल किंवा कोणाचं घर वाटेवर असेल तर लाँग रन तिथेच संपेल असा रस्ता आखा. ही काळजी सगळ्या ग्रुपने घ्यायची आहे, एकट्या बाईने नाही.

सोबतचा कोणी थरथर कापतोय, बोटांनी झिप लागत नाही, बोलणं अडखळतंय, उगाच चिडतोय, असं दिसलं तर ते थंडीने आहे असं समजा. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. हात-पाय जोरात चोळू नका. गुंगी येत असेल तर तोंडाने काही देऊ नका, १०८ ला फोन करा.

९. पाय आणि बूट

घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि बोटांच्या बेचक्यांत कोरड्या कपड्याने पुसा. चिखल्या होतात त्या बेचक्यांतल्या ओलीमुळे. खाज, पांढरी पडलेली कातडी, वास, यातलं काही दिसलं की बुरशीवरचं मलम सुरू करा आणि बरं वाटल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत लावा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांपासून सावध राहा; खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र पसरते. मांडीत नायटा दिसला तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

बुटांतली तळपट्टी काढा, नाड्या सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, मग पंख्याखाली आडवे ठेवा. गॅसजवळ, हीटरजवळ ठेवू नका, तळाचा चिकटवलेला भाग सुटतो.

साचलेल्या पाण्यातून जावं लागलं आणि पायाला जखम किंवा भेग असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून येतो. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते ठरवतील. पुढच्या महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल असं झालं तर पळून दुखतंय असं मानून बसू नका.

आणि ताप असताना पळायचं नाही, कितीही कमी असला तरी. नाक वाहतंय एवढंच असेल तर सावकाश चालेल. छाती भरली असेल तर नाही.

१०. खाणं-पिणं

गार हवेत तहान लागत नाही, पण दमट हवेत घाम भरपूर येतो आणि पावसात तो दिसत नाही. तासाच्या आतल्या धावेला निघण्याआधीचं ग्लासभर पाणी पुरतं. त्याहून लांब असेल तर सोबत पाणी घ्या, दीड तासाच्या पुढे ओआरएस. मात्र तहान नसताना लिटर-लिटर पाणी पिऊ नका, रक्तातलं सोडियम घसरून तेही घातक ठरतं.

निघण्याआधी केळं किंवा दोन-तीन खजूर. लाँग रनला खिशात राजगिऱ्याची वडी किंवा गूळ-शेंगदाणे. दर पाऊण तासाला थोडं खा, आणि हे सरावातच करून बघा. पळून आल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी: पोहे-अंडी, भाकरी-उसळ, जे घरात आहे ते. प्रोटीन पावडरचे महागडे डबे लागत नाहीत. दुखतंय म्हणून पळण्याआधी ब्रुफेनसारखी गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला इजा करू शकते.

११. शर्यतीचा आठवडा आणि तो दिवस

शेवटच्या आठवड्यात दोनदा अर्धा-अर्धा तास सावकाश, बस. नवे बूट, नवे मोजे, नवी एनर्जी जेल, काहीही नवं नको. नखं तीन दिवस आधी कापा. बिब आदल्या दिवशी घ्या आणि त्यामागे रक्तगट, आजार, औषधं लिहा. बाहेरगावाहून येणार असाल तर मुक्कामाची सोय नोंदणी झाली की लगेच करा, त्या शनिवारी साताऱ्यात खोल्या मिळणं अवघड जातं.

सकाळी लवकर पोचा. वाट बघताना भिजायला होतं म्हणून जुना टी-शर्ट वरून घाला आणि सुरू होताना काढा. गर्दी पहिल्या दोन किलोमीटरमध्ये ओढून नेते. तिच्या मागे लागू नका, पुढे घाट आहे. पाण्याच्या टेबलाजवळ पडलेले पेले आणि केळ्याच्या साली यांवर लक्ष ठेवा. वळणापर्यंत जितकं राखून जाल तितकं उतारावर हातात राहील. उतरताना लोक झपाझप पुढे जातील, जाऊ द्या. घाट संपून शहर लागलं की मगच वेग वाढवायचा, आणि तेही मांड्या साथ देत असतील तर.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, खारट-गोड काहीतरी खा. पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरताना कठड्याला धरून उतरावं लागेल. ते दुखणं साधारण चौथ्या दिवशी ओसरतं. एकाच ठिकाणी, एकाच पायात, चालतानाही दुखत राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नाहीतर आठवडाभर चालणं, मग सावकाश तीन-चार किलोमीटरपासून पुन्हा सुरुवात करा.